कोपर ते मनगट

४ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद वगैरे शेवटी देईन, आधी कामाचं. माझ्या शिवणाच्या खोलीत, पडद्याच्या दांडीला एक वटवाघूळ उलटं लटकलंय आणि ते माझ्याकडे टक लावून बघतंय. भिंतीच्या फटीत असतं तसलं चिमुकलं नव्हे. हे मांजराएवढं आहे. तोंड कुत्र्याचं, डोळे उधारी मागायला आलेल्या माणसासारखे पाणीदार, आणि पंख पसरले की माझ्या कटिंगच्या टेबलावर मावत नाहीत.

शेजारच्या हेडमास्तरांनी पेरूच्या झाडावर नायलॉनची जाळी टाकलीय, कारण रिटायर झाल्यापासून त्यांना शिक्षा करायला दुसरं कोणी उरलेलं नाही. तिच्यात हा पाहुणा सकाळी अडकलेला दिसला. हेडमास्तर काठी शोधायला गेले. मी कात्री घेऊन गेले. कापडाची कात्री, ढब्बू! आयुष्यात ती कधी कागदाला लावली नाही, कोणाला नखं कापायला दिली नाही, आणि आज तिने जाळी कापली. धार गेली ती गेलीच.

गुरांचा डॉक्टर येऊन बघून गेला. पंखाचा पडदा फाटलाय, हाड शाबूत आहे, काही आठवडे उडता येणार नाही म्हणाला. मला विचारतो, "तुम्हीच टाके घालता का?" मी म्हटलं, अस्तर असतं तर घातले असते.

तू वटवाघळांच्या अनाथाश्रमात नोकरी करतोस असं तुझा बाप सगळ्यांना तोंड पाडून सांगत असतो, म्हणून तुला विचारते. याला खायला काय घालू? फोन करू नकोस. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि मागे कोणाला तरी केळी सोलायला सांगत असतोस. पत्र लिही, म्हणजे निदान वाक्यं पूर्ण होतात.

तुझी,
आत्या

(आशीर्वाद.)

९ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार, आणि आधी शिव्या. वटवाघळाला उघड्या हाताने शिवलीस का? शिवली असशील, ओरखडा जरी उठला असेल, तरी हे पत्र अर्धं टाकून साबणाने हात धू आणि दवाखान्यात जा. मी चेष्टा करत नाही. आम्ही इथे सगळे सुया टोचून घेतलेले लोक आहोत, तरी जाड मोज्यांशिवाय जवळ जात नाही.

खायला पिकलेली फळं दे, बारीक फोडी करून. पाणी दे. बोलू नकोस त्याच्याशी. (बोलतेस, माहीत आहे.)

आता नीट वाच, कारण माझ्या जिवाची घालमेल चालू आहे. आपल्याकडे या मोठ्या फळखाऊ वटवाघळांचे दोन प्रकार आहेत, एकमेकांचे चुलतभाऊ म्हण. पुस्तकातली नावं लिहिली तर तू उच्चारावरून माझी टर उडवशील. आम्ही केंद्रात त्यांना थोरले आणि धाकटे म्हणतो. धाकटे सगळीकडे आहेत, हजारोंनी, दिवसभर कलकलाट, लग्नघरातल्या पंगतीसारखे. थोरले फक्त खाडीकडच्या रानात, आणि तेही मोजकेच उरलेत. थोरल्याचा हात लांब, कान टोकदार, नडगी उघडी. धाकट्याचा हात आखूड, कान गोलसर, आणि पायावर घोट्यापर्यंत केस, लोकरी पायजमा घातल्यासारखे. मानेभोवतीचा रंगही वेगळा असतो, पण वर्षा-दीड वर्षाच्या पोरांचा रंग नीट उठलेला नसतो, त्यावर जाऊ नकोस.

आमच्याकडे एकच थोरली आहे, म्हातारी. आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो. एक पंख कापावा लागला, त्यामुळे ती कधीच बाहेर जाऊ शकणार नाही. तिचा जोडीदार थंडीत गेला. तेव्हापासून ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून लटकते. एखाद्या दिवशी एखादी फोड खाते, एखाद्या दिवशी तेही नाही. हा गर्दीतला प्राणी आहे, आत्या. याला एकटं ठेवलं की आधी खाणं सोडतो आणि मग जगणं. आमच्या केंद्राच्या साहेबांनी सगळीकडे विचारलं, थोरला कुठेच नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे आणि मी तिला केळी दाखवत उभा असतो.

तुझा पाहुणा धाकटा असेल तर बरा झाला की तुझ्याच बाल्कनीतून सोडून द्यायचा, त्याचा कळप तिथेच असणार. थोरला असेल तर मी गाडी घेऊन येतो.

मोजे घालून मला एवढं कळव: कोपर ते मनगट किती, कान कसे, नडगीवर केस आहेत का.

तुझा,
ढब्बू

१५ फेब्रुवारी

ढब्बू,

उघड्या हाताने शिवायला मी काय तुझा बाप आहे? वेल्डरचे कातडी हातमोजे दुरुस्तीला आले होते, ते घातले. वेल्डर रोज येऊन विचारतो, मी रोज उद्या म्हणते.

कोपर ते मनगट मोजायला मला तू शिकवू नकोस. अर्ध्या गावाच्या बाह्या त्यावर उभ्या आहेत. मी टेप लावली, त्याने टेप चाटली, माप झालं. सव्वासात इंच.

कान माझ्या मते टोकदार. हेडमास्तर गोल म्हणतात, पण ते मला विरोध करण्यासाठीच जिवंत आहेत.

नडगीचं विचारलंस. मी त्याला फ्लॅनेलची पिशवी शिवलीय, मानेपासून घोट्यापर्यंत, पंख हलू नयेत म्हणून; अंगठे आणि बूड तेवढं मोकळं. डॉक्टरने जुन्या टॉवेलात गुंडाळला होता, ते मला बघवेना. शिवण उसवून बघितलं. आहेत केस, पण तुझ्या बापाच्या नडगीपेक्षा कमीच.

आता त्याच्याबद्दल. हा गडी सगळं आयुष्य उलटा काढतो, पण लघवीच्या वेळी सुलटा होतो. दोन अंगठ्यांनी दांडी धरून पाय खाली सोडतो, काम उरकतो, झटकतो, परत उलटा. इतकी शिस्त मी आपल्या घराण्यात कोणात पाहिली नाही. खाणं मात्र गलिच्छ. पेरू चावून चावून रस गिळतो आणि चोथा थुंकतो, नेम धरून. काल बँकेतल्या बाईंच्या नव्या कोटावर गेला. मी म्हटलं, भरतकाम आहे.

तुझ्या त्या बाईसाहेबांचं वाचून मात्र दोन दिवस घशाखाली नीट घास उतरला नाही. पाहुणा थोरला असेल तर घेऊन जा बाबा. नसेल तर मग बघू.

आत्या

२० फेब्रुवारी

आत्या! आत्या!! आत्या!!!

सव्वासात! तुझे पाय कुठे आहेत, मला धरायचेत. धाकट्याचा हात साडेसहाच्या पुढे जातच नाही. टोकदार कान, नडगीवर केस कमी, सगळं जुळलं. पत्र वाचून मी केळ्यांच्या पाटीवर बसलो आणि पाटीसकट खाली गेलो.

साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. हे ते फक्त घरी जाताना करतात. त्यांनी लगेच वर कळवलं, आणि वर्तमानपत्रवालेही येणार आहेत. "खाडीपासून इतक्या दूर थोरला सापडणं ही नोंद होईल," असं म्हणत ते दिवसभर टेबलावर बोटं वाजवत होते.

मी बाईसाहेबांनाही सांगितलं. त्यांनी डोळा उघडला आणि मिटला.

येत्या रविवारी सकाळी येतो. त्याला प्रवासाआधी कमीत कमी हाताळायचं, म्हणून मी तिथे काही तपासत बसणार नाही, पिशवीसकट उचलतो. जेवायला थांबणार नाही, रागावू नकोस, रस्ता लांब आहे.

ढब्बू

२६ फेब्रुवारी

ढब्बू,

आलास आणि गेलास. चहासुद्धा उभ्याने घेतलास. पाहुण्याला मात्र गाडीत बसवताना असा जपून नेत होतास की कोणी म्हणेल नवरी सासरी चाललीय.

दांडी रिकामी आहे. मी पडदा परत लावला आणि मग काढला. शिवणयंत्र चालवताना मध्येच मान वर करायची सवय लागली होती, ती जाताना तुझ्याबरोबर पाठवायला हवी होती. हेडमास्तर म्हणाले, "आता शांत वाटत असेल." मी म्हटलं, तुमची जाळी काढा आधी. काढली त्यांनी. न भांडता काढली, म्हणून मला जास्तच राग आला.

त्याने खाल्लं का? बाईसाहेबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं का? सविस्तर लिही. आणि फ्लॅनेलची पिशवी परत पाठव, चांगल्यातलं कापड होतं.

आत्या

६ मार्च

आत्या,

बस. पाणी पी. मी पण पितो.

पाहुण्याला आधी तपासणीच्या पिंजऱ्यात ठेवला, बाईसाहेबांच्या शेजारीच, मध्ये जाळी. पंखाला आराम म्हणून पिशवीसकटच काही दिवस दम खाऊ दिला. काल आमच्या डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर टेबलावर घेतलं. साहेब नवा शर्ट घालून. दोन बातमीदार, एक कॅमेरा. डॉक्टरांनी पिशवीची बाजू उसवून धातूची मोजपट्टी लावली. परत लावली. मग दुसऱ्या हाताला लावली.

साडेसहा.

मग पिशवी काढली. आत्या, त्याच्या पायांवर घोट्यापर्यंत इतके केस आहेत की त्यातून एक स्वेटर निघेल. माझ्या बापाच्या नडगीशी तुलना केलीस तिथेच मला कळायला हवं होतं. त्या माणसाच्या नडगीपेक्षा अस्वलाचेही केस कमीच भरतील. मी तेव्हा फक्त "कमी" एवढंच वाचलं, कारण मला तेवढंच वाचायचं होतं. आणि कान! बशीसारखे गोल आहेत, इतके दिवस समोर होते आणि मला टोकदारच दिसत होते. एकदा हेडमास्तरांना माझा नमस्कार सांग.

बातमीदाराने विचारलं, "म्हणजे हे साधंच वटवाघूळ?" साहेब म्हणाले, "प्रत्येक जीव अमूल्य असतो," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पाऊण इंचाची चूक कशी झाली, आत्या? तू, जी शेजारणीच्या ब्लाउजचा पाव इंच लांबून ओळखतेस?

आता दुसरी बातमी, आणि ती मला साहेबांना कशी सांगावी कळत नाही. बाईसाहेब खायला लागल्यात.

प्रेमाबिमाने नव्हे. पाहुण्याला पपई दिली तेव्हा तो मचमच करत खायला लागला आणि चोथा जाळीतून त्यांच्या अंगावर गेला. बाईसाहेब फिरल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण फिरल्या. अशा किंचाळल्या की पलीकडच्या पिंजऱ्यातली घुबडं जागी झाली. मग जाळीला धरून, एका पंखाने आणि अंगठ्याने सरपटत आल्या, आणि त्याच्याकडे बघत बघत स्वतःच्या ताटलीतली सगळी पपई संपवली. का, तर त्याला मिळू नये म्हणून. आता रोज हेच चालतं. तो थुंकतो, त्या शिव्या देतात, दोघं जेवतात. काल त्यांचं वजन वाढलेलं दिसलं आणि मी कोठीत जाऊन रडलो.

ढब्बू

११ मार्च

ढब्बू,

चूक? कसली चूक? कोपर ते मनगट साडेसहाच होतं. त्यात पाऊण इंच ढील धरली, झालं सव्वासात. बाहीच्या मापात ढील धरतात. माणूस हात दुमडतो, कप उचलतो, बाही वर चढते आणि मनगट उघडं पडतं. म्हणून अंगाचं माप वेगळं आणि बाहीचं वेगळं, आणि शिंपी सांगतो ते बाहीचं. शिकाऊ पोरगीसुद्धा ढील धरल्याशिवाय आकडा तोंडातून काढत नाही. त्यात हा प्राणी तर जन्मभर हात दुमडूनच बसतो, त्याला मी जास्तच धरायला हवी होती.

तू म्हणालास माप दे, मी दिलं. अंगाला घट्ट बसणारं माप हवं होतं तर तसं सांगायचं. तुझ्या साहेबांना सांग, कोट शिवायचा असेल तर मापं बरोबर आहेत.

बाईसाहेब जेवल्या हे वाचून मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले. गिऱ्हाईक दचकलं. छान. भांडू देत. भांडणाने भूक लागते हे मला विचार, माझं आणि हेडमास्तरांचं वजन बघ.

पण तो धाकटा आहे तर मग परत कधी आणतोस? इथे संध्याकाळी त्याचे भाऊबंद घरावरून जातात. आधी कधी लक्ष दिलं नव्हतं, आता रोज बाल्कनीत उभी राहते. पंख बरा झाला का?

आत्या

१९ मार्च

ती. आत्या,

तब्येत कशी आहे? इथे हवा बरी आहे. तुझी भाचेसून तुझी आठवण काढत असते. पिशवी धुऊन ठेवलीय.

पाहुणा मजेत आहे. बाईसाहेबही. डॉक्टर म्हणाले, असंच खात राहिल्या तर पुढची थंडी त्या बघतील. त्या आता भिंतीकडे तोंड करतच नाहीत.

एक छोटं काम होतं. आमचा नियम असा की उडू शकणारा रानटी प्राणी जिथला तिथे सोडायचा. ठेवून घ्यायचा तर तो उडू शकत नसला पाहिजे, किंवा माणसाळलेला, म्हणजे कळपात जगू न शकणारा. तू फक्त चार ओळी लिहून दे, की तुझ्याकडे होता तेव्हा तो हाताने खायचा, हाक मारली की यायचा, माणसाळला होता. साहेब काही विचारणार नाहीत. त्यांनाही ते हवंच आहे, कारण बाईसाहेब गेल्या तर थोरल्यांचा पिंजराच बंद होईल.

लगेच पाठवलीस तर बरं.

ढब्बू

ता. क. पंखाचं विचारलं होतंस. आहे बरा.

२४ मार्च

ढब्बू,

हवा बरी आहे म्हणे. हवापाण्याची चौकशी तू जन्मात कधी केली होतीस? वाचायला लागले तेव्हाच म्हटलं, पोरगं काहीतरी लपवतंय, आणि ते निघालं कुठे, तर सहीच्याही खाली. "आहे बरा." कधीपासून बरा आहे? उडतोय ना पिंजऱ्यात? भिंतीला धडकतोय ना?

माणसाळला? त्याने मला दोनदा चावायचा प्रयत्न केला. हाक मारली की तो माझ्याकडे पाठ फिरवायचा. मला तो याचसाठी आवडला.

मी लिहून देणार नाही.

आता का, ते ऐक, आणि परत मला विचारू नकोस. तुझी आजी मी दिसले की जेवायची. मी दिसले नाही की ताट तसंच. वाईट नव्हती, माझ्यावर जीव होता तिचा. मला तेव्हा दुसऱ्या शहरात मोठ्या शिवणशाळेत शिकवायची नोकरी लागत होती. तुझ्या बापाने, आणि सगळ्यांनीच, मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "तू गेलीस तर ती जेवणार नाही." खरं होतं ते. मी थांबले. ती जेवली. वर्षानुवर्षं जेवली. सगळे म्हणायचे, हिला कुठे जायचंच नव्हतं, हिचं इथेच मन रमतं. माणसाळले होते ना मी!

मी रडगाणं गात नाही. दुकान काढलं, चांगलं चाललं, गावात माझ्या हातची बाही ओळखतात. पण पंख शाबूत असताना कोणाच्या तरी जेवणासाठी टांगून राहणं काय असतं, ते मला माहीत आहे. एकट्या म्हातारीचं दुःख मला सांगू नकोस, मी स्वतः एकटी म्हातारी आहे. तिचं मला वाईट वाटतं. इतकं वाटतं की हे पत्र दोनदा फाडून परत लिहिलंय. तरीही नाही.

त्याला घेऊन ये. येत नसशील तर मी येते, आणि मी आले की काय होतं ते तुझ्या साहेबांनी अजून पाहिलेलं नाही.

आत्या

१ एप्रिल

ढब्बू,

काल आणलास, सोडलास, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसून गेलास. ठीक आहे. रागव. तुझा बापही असाच गाडी सुरू करून रागवायचा.

तू डोळे पुसत होतास म्हणून तुला नीट दिसलं नसेल, म्हणून सांगते. पिशवी सोडल्यावर तो बाल्कनीच्या गजाला लटकला, अंग चाटलं, पंख पूर्ण उघडून बघितले. मग सुलटा झाला. मला वाटलं, आता माझ्याकडे एकदा बघेल. त्याने माझ्या खांद्यावर काम उरकलं आणि गेला. मागे वळून बिळून काही नाही. हेडमास्तरांच्या पेरूवर बसला नाही, वर गेला. वरून ते सगळे चालले होते, त्यांच्यात मिसळला, आणि मग मला कुठला आपला तेच कळेना.

वाईट वाटलं. खूप वाटलं. स्वयंपाक केला नाही, पाव खाऊन झोपले.

बाईसाहेबांचं काय ते मला खरं लिही. माझ्यामुळे ती गेली तरी लिही. हवा बरी आहे असं लिहिलंस तर तुझं पत्र न वाचता परत पाठवीन.

आत्या

६ एप्रिल

आत्या,

खरं लिहितो. बाईसाहेबांनी दोन दिवस शेजारच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघून शिव्या दिल्या. उत्तर आलं नाही. मग त्या कोपऱ्यात गेल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. ताटली तशीच. मी माझ्या तोंडाने मचमच करून दाखवली. मी केळं चावून थुंकलं, आत्या, जाळीतून, साहेब मागे उभे असताना. काही उपयोग नाही.

तुझ्यावर खूप रागावलो होतो. परत येताना गाडीत एकटाच तुझ्याशी इतका भांडलो की घसा बसला. तुझं चोवीस तारखेचं पत्र खिशात होतं. आजीचं ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात एवढंच सांगतात की आत्याला लग्न करायचं नव्हतं.

मग काल सकाळी धाकट्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात फळं टांगायला गेलो. तिथे जन्माचे पांगळे, तुटके, एक डोळ्याचे, कधीच उडणार नाहीत असे सगळे धाकटे असतात. ढकलाढकली, बोंबाबोंब, एकमेकांच्या तोंडातलं ओढणं. मी तिथे पाटी घेऊन उभा राहिलो. ज्याच्यासाठी मी खोटी सही मागत होतो, तसले इथे पाटीभर लटकत होते. पण आमच्याकडे थोरल्यांचा पिंजरा वेगळा आणि धाकट्यांचा वेगळा, हे इतकं पक्कं की माझ्या डोक्यातच आलं नाही. रानात तर दोघं एकाच झाडावर राहतात, मीच शाळेच्या पोरांना सांगतो!

आज साहेबांकडे गेलो, म्हटलं बाईसाहेबांना धाकट्यांत सोडू. साहेब म्हणाले, "संकर झाला तर?" मी म्हटलं, साहेब, बाईसाहेबांचं वय बघा. ते म्हणाले, नियम नियम असतो. मी म्हटलं, मग तुम्ही या आणि त्यांना भरवा. ते आले. तासभर पपईची फोड धरून उभे होते, बिचारे. शेवटी फोड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या मी रजेवर आहे. मला काही दिसणार नाही."

उद्या सकाळी टाकतो त्यांना आत. धाकटे त्यांना फाडतीलही. थोरली असली तरी एक पंख नाही, आणि अंगात काही उरलेलं नाही. मला भीती वाटतेय, आत्या. तू इथे असतीस तर बरं झालं असतं.

ढब्बू

१४ एप्रिल

आत्या,

जिवंत आहेत! आधी हे वाच, मग बाकीचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना जाळीच्या तळाशी लावलं. सगळा पिंजरा चिडीचूप झाला. मग एक धाकटा दांडगट उतरत आला, वास घेतला, आणि त्यांच्या डोक्यावर एक लगावली. बाईसाहेब तशाच. दुसरा आला, त्याने त्यांची फोड ओढली. तशाच. मी दाराची कडी काढून आत शिरणार, तेवढ्यात तिसरी एक आली, एका डोळ्याची, आणि त्यांच्या अंगावर चढून पलीकडे जायला लागली, जशी काही ही पायरी आहे.

बाईसाहेबांनी तिचा कान धरला. सोडेनात. पिंजरा डोक्यावर घेतला दोघींनी. मग त्या वर चढायला लागल्या, आत्या, अंगठ्याने आणि दातांनी, वाटेत जो येईल त्याला पंखाने थप्पड देत. दुपार झाली पोचायला. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, जिथे तो दांडगट बसायचा, तिथे जाऊन त्यांनी त्याला हुसकावलं आणि सुलट्या होऊन, खाली जे कोणी होते त्या सगळ्यांच्या डोक्यावर, तू समजलीस काय ते.

त्यानंतर जेवल्या. स्वतःचं, आणि मग शेजाऱ्याचं.

आज आठवडा झाला. दिवसभर ओरडत असतात. कोणी जवळ आलं की हाकलतात, कोणी लांब गेलं की बोलावून भांडतात. एक डोळ्याची ती आता त्यांना चिकटून झोपते, आणि दोघी झोपेतसुद्धा एकमेकींना ढोसतात. साहेब रजेवरून आले, वर बघितलं, म्हणाले, "त्यांना फार त्रास होतोय का?" मी म्हटलं, साहेब, अंगी लागलंय त्यांच्या. बघा ना कशा फुगल्यात.

तुझं ऐकलं नसतं तर मी तो एक बिचारा आयुष्यभर जाळीपलीकडे टांगून ठेवला असता, आणि स्वतःला दयाळू समजलो असतो.

आता एक मागणं. तू तिथे एकटी असतेस, संध्याकाळी पाव खाऊन झोपतेस, हे मला बघवत नाही. इकडे ये. कायमची ये. एक खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे, यंत्र खिडकीशी लावू. तुझी सून म्हणते आत्या आल्या तर घराला घरपण येईल. बाबासुद्धा म्हणाले.

ढब्बू

१९ एप्रिल

ढब्बू,

पत्र हेडमास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. कान धरला तिथे ते उठून उभे राहिले. मी रडले, लपवत नाही, पदर भिजला. मग दोघांनी चहा घेतला आणि साखरेवरून भांडलो.

तू सांगितलंस, मला खरं सांगितलंस, याचं बरं वाटलं. बाईसाहेब वाचल्या याचं तर इतकं वाटलं की संध्याकाळी दुकान लवकर बंद करून नुसती बसले.

आता तुझ्या खोलीचं. उजेड चांगला असेल. सूनही गुणाची आहे. पण ढब्बू, माझं एक दुकान आहे, एक भांडखोर शेजारी आहे, आणि मी पाव एक दिवस खाल्ला होता, रोज नव्हे. तू बापासारखा मला कोपऱ्यात घेऊन गोड बोलू नकोस.

तरी येते. बाईसाहेबांना बघायचंय, आणि तुलाही बघायचंय, उभ्याने चहा न पिताना. येण्याचं तिकीट मी काढते. परतीचं तू काढून ठेव, आणि मी गाडीतून उतरले की आधी ते माझ्या हातात दे. ते हातात असलं की मग मी वाटेल तितके दिवस राहीन.

तुझी,
आत्या